धुतला की बसेल

गार.

म्हणजे चहा नव्हे, जावयाचे हातपाय. चहा चांगला वाफाळता होता आणि तो सगळा सासऱ्यांच्या स्वेटरवर सांडला होता.

स्वेटर कोकराच्या लोकरीचा, सायीसारखा मऊ, आणि सासूबाईंच्या हातचा शेवटचा. त्या गेल्यापासून सासऱ्यांनी त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. बाह्या तीनदा दुमडून घालायचे आणि ब्रशने झटकायचे, बस्स. आज न्हाव्याकडे जाताना, केस चिकटतील म्हणून, तो खुर्चीवर ठेवून गेले होते.

कोमट.

"कोमट पाण्यात नुसता बुडवून काढा," बायको आतून ओरडली. "चोळू नका!"

डाग कोमट पाण्याला बधेना. म्हणून मग...

कढत!

डाग गेला. जाताना निम्मा स्वेटर घेऊन गेला.

"अहो, हा कोणाचा?"

"बाबांचा."

"कितवीतल्या बाबांचा?"

जावयाने तो उशीवर चढवला. उशी उसवली. खुर्चीच्या पाठीवर ताणला. खुर्ची आडवी झाली. शेवटी त्याला स्वतःचा भरदार देह आठवला आणि त्याने ओला स्वेटर डोक्यातून घातला. हात वर गेले ते वरच राहिले, तोंड आतच.

"ओढ ना!"

"ओढतेय! पोट आत घ्या."

"आतच आहे गं ते!"

बेल वाजली.

सासऱ्यांच्या डोक्यावर केस मोजकेच, त्यामुळे न्हाव्याचं काम झटपट आटोपलं होतं. बायकोने दार उघडलं. सासऱ्यांसमोर शरण आल्यासारखा हात वर केलेला, बिनडोक्याचा माणूस.

"जावईबापू?"

"बाबा, चुकलो," स्वेटर म्हणाला.

बापलेकींनी मिळून त्याला सोलून काढलं. सासरे स्वेटर हातात घेऊन कितीतरी वेळ एकेक टाका चाचपत राहिले. मग त्यांनी तो ओलाच अंगात घातला.

पाण्याने आटवलेला, जावयाच्या पोटाने पुन्हा जरा सैलावलेला. बाह्या बरोबर मनगटाशी येऊन थांबल्या.

"बाबा, गारठाल!"

"कोकराची लोकर आटते, म्हणून मुद्दाम मोठा विणला होता तिने," ते आरशात बघत म्हणाले. "म्हणायची, धुतला की बसेल. मीच मेला धुवू दिला नाही कधी."

त्यांनी नाक पुसलं, आत गेले आणि सासूबाईंच्याच हातचा मफलर घेऊन आले. तो त्यांच्या मागून जमिनीवर लोळत येत होता.

जावयाने मुकाट्याने पाणी तापायला ठेवलं.