पेलिकन, खार आणि सप्टेंबरचे सोपे सामने

पैज लागली तेव्हा दादासाहेब शेजवळ आपली हेजची झुडपं कापत होते आणि कुंपणाला टेकून राफाएल रोहेकर त्यांचं डोकं खात होता. ऑगस्टचा शेवटचा रविवार, लंडनच्या स्टॅनमोरमध्ये वर्षातून चारदा पडतं तसं ऊन, आणि विषय मात्र अमेरिकेचा. कारण राफाएलची अबिगेल तिकडे दक्षिणेतल्या एका कॉलेजात शिकत होती आणि दादासाहेबांचा प्रणय उत्तरेतल्या. दोन्ही कॉलेजांना फुटबॉलचं वेड. तिकडचा फुटबॉल, म्हणजे डोक्यावर हेल्मेट, हातात अंड्यासारखा बॉल, एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं.

"आमची गल्फ कॉन्फरन्स म्हणजे तालीम आहे तालीम," राफाएल म्हणाला. "तुमची लेक्स कॉन्फरन्स म्हणजे सिनिअर सिटिझन्सचा मॉर्निंग वॉक."

कॉन्फरन्स म्हणजे दहा कॉलेजांचा गट. सप्टेंबरभर ही कॉलेजं बाहेरच्यांशी खेळतात आणि ऑक्टोबरपासून आपापसात. एवढी माहिती दोन्ही बापांना मुलांनी फोनवर दिली होती.

दादासाहेबांनी कात्री थांबवली नाही. "असं म्हणतोस?"

"पैज लावा ना मग!"

दादासाहेब वयाने बारा वर्षांनी मोठे. तीस वर्षं लंडनच्या ट्यूबची टाइमटेबलं बनवून रिटायर झालेले, बुद्धविहाराच्या कार्यक्रमाला पाच मिनिटं आधी पोचून चटया सरळ करणारे गृहस्थ. राफाएल बरोबर उलटा. चौदा घरांच्या त्या क्लोजमध्ये, म्हणजे बंद गल्लीत, वीस वर्षांत त्याने प्रत्येकाला एकदा तरी उल्लू बनवलं होतं. तीन नंबरच्या मिसेस व्हिटकम्बच्या बागेतले शोभेचे प्लास्टिकचे बुटके पुतळे त्याने महिनाभर रोज एक वीत पुढे सरकवले होते, शेवटी बाईंनी डोळे तपासून घेतले. आणि या वीस वर्षांत त्याला मात्र कुणीही, कधीही, एकदासुद्धा बनवू शकलं नव्हतं. हा रेकॉर्ड त्याला घरापेक्षा प्यारा होता. घरावर निदान मॉर्गेज होतं.

तेवढ्यात नऊ नंबरची नीना कुत्र्याला घेऊन आली. क्लोजच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ती ॲडमिन, त्यामुळे पंच तीच.

"पण भारी कोण हे ठरवायचं कसं?" नीनाने विचारलं.

"सोप्पं आहे. सप्टेंबर संपेपर्यंत बाहेरच्या कॉलेजांशी जास्त मॅचेस कोण जिंकतं ते बघायचं," राफाएल पटकन म्हणाला. जरा जास्तच पटकन. "हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या कॉलेजचा मॅस्कॉट व्हायचं आणि त्या वेषात त्याची कचऱ्याची बिन रस्त्यावर नेऊन ठेवायची."

गल्फवाल्या अबिगेलच्या कॉलेजचा मॅस्कॉट, म्हणजे शुभचिन्ह प्राणी, पेलिकन पक्षी आणि लेक्सवाल्या प्रणयच्या कॉलेजची खार.

"चालेल," दादासाहेब म्हणाले आणि पुन्हा हेजकडे वळले.

राफाएल घरात आला तो गालातल्या गालात हसतच. गंमत अशी, की गल्फच्या दहाही कॉलेजांचं वेळापत्रक त्याने आदल्या रात्रीच वाचून काढलं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांच्यासमोर कोण? कुणी कधी नाव न ऐकलेली चिमुकली कॉलेजं. त्यांना पैसे देऊन बोलवायचं, घरच्या मैदानावर धुवायचं आणि खाऊ घालून परत पाठवायचं. लेक्सवाले बावळट मात्र तगड्या टीमच्या घरी जाऊन खेळणार होते.

"म्हातारा फसला," तो बायकोला, मिल्काला म्हणाला आणि ऑनलाइन पेलिकनचा पोशाख मागवला. साइज लार्ज.

सप्टेंबरमध्ये सगळं ठरल्यासारखं झालं. फक्त एक बारीक गोष्ट. राफाएलने त्यातली एकही मॅच पाहिली नाही. मिल्काच्या घरात शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, मोडायचा नाही म्हणजे नाही. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत टीव्ही बंद, फोन ड्रॉवरमध्ये. आणि सप्टेंबरमध्ये लंडनला तारे दिसायला आठ वाजतात. दुपारच्या मॅचेस पाचला सुरू होऊन तोवर संपलेल्या. राफाएल ड्रॉवर उघडायचा आणि थेट निकाल बघायचा. जिंकली. जिंकली. जिंकली. कशी जिंकली, हा प्रश्नच नाही.

महिनाअखेर हिशेब लागला. बाहेरच्यांशी गल्फच्या तीस मॅचेस, त्यात सत्तावीस विजय. लेक्सचे तिसात सोळा. तिकडच्या पत्रकारांच्या टॉप टेनमध्ये गल्फच्या सहा टीम. राफाएलने ती यादी प्रिंट करून स्वतःच्या दर्शनी खिडकीत लावली.

दादासाहेब स्वतःहून दारात आले. "हरलो बाबा. आण तो पोशाख."

राफाएल पोशाख आणायला वळला, पण मागून दादासाहेब हळूच म्हणाले, "नीना म्हणत होती, राफाएलला सप्टेंबरचं वेळापत्रक आधीच माहीत होतं. मी म्हटलं छे, त्याची कॉन्फरन्स खरंच भारी असेल."

"असेल? आहेच!"

"मग ठीक. आपापसातल्या मॅचेस संपल्या की नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी गल्फ आणि लेक्सच्या पाच मॅचेस आहेत, थेट एकमेकांशी. पण तू कशाला त्यात पडतोस? जिंकलेलं जिंकलं."

इथे शहाणा माणूस पोशाख हातात देऊन मोकळा झाला असता. पण महिनाभर निकाल आणि आता खिडकीतली यादी येता-जाता वाचून राफाएलचं एक झालं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यांत फेकायला आणलेली धूळ त्याने स्वतःच कुंकवासारखी कपाळाला लावली होती.

"डबल!" तो म्हणाला. "पाचात तीन जिंकेल तो खरा. हरणाऱ्याने एक नाही, चौदा घरांच्या बिन काढायच्या. आणि वेळ जिंकणाऱ्याने ठरवायची. भरदिवसा!"

"बघ हं. तूच म्हणतोयस," दादासाहेब म्हणाले आणि खिशातून छोटी वही काढून तारीख लिहून घेतली.

ऑक्टोबरमध्ये गल्फवाले आपापसात खेळू लागले आणि राफाएलची खात्री अजून वाढली.

"हे बघ, दोन नंबरची टीम पाच नंबरशी हरली," तो मिल्काला सांगू लागला. "म्हणजे पाच नंबरवाले किती भारी, की दोन नंबरला हरवलं!"

"आणि दोन नंबरवाले हरले त्याचं काय?"

"ते पाच नंबरसारख्या भारी टीमशी हरले. त्यात कसली लाज?"

मिल्काने पोळी उलटली. "म्हणजे तुझ्या भावांसारखं. थोरला धाकट्याला हुशार म्हणतो, धाकटा थोरल्याला हुशार म्हणतो. घराबाहेरच्या कुणाला विचारलंय कधी?"

अबिगेलचा फोन आला तेव्हाही हेच. "डॅडी, माझा टीम एवढी गुड नाहीये. आम्ही त्या छोट्या कॉलेजला लास्ट मिनिटला हरवला. मी स्टेडियममध्ये होते, सगळे लोक बू करत होते."

"जिंकलात ना?"

"हो, पण डॅडी, दे वर टेरिबल!"

"जिंकलात ना? मग झालं. अभ्यास कर."

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार उजाडला. दिवस एव्हाना इतका आखडला होता की पाचच्या आतच तीन तारे दिसले, म्हणजे मिल्काने ढगांतून ते शोधून काढले. सीझनमध्ये पहिल्यांदाच राफाएलला मॅच पहिल्या मिनिटापासून बघायला मिळणार होती. त्याने अख्खा क्लोज घरी बोलावला. मिल्काने नारळाच्या दुधातला हलवा केला, लतावहिनी, म्हणजे दादासाहेबांच्या मिसेस, भजी घेऊन आल्या. पेलिकनचा पोशाख इस्त्री करून सगळ्यांना दिसेल असा जिन्यावर टांगलेला. पाचला तीन मॅचेस एकदम सुरू झाल्या. एक टीव्हीवर, दोन लॅपटॉपवर.

पहिल्या दहा मिनिटांत राफाएल म्हणाला, "अजून वॉर्म-अप चाललाय."

विसाव्या मिनिटाला म्हणाला, "रेफरी चोर आहे."

"तीन वेगवेगळ्या मॅचेस आहेत," नीना म्हणाली. "तिन्ही रेफरी चोर?"

अर्ध्या तासाने तो टीव्ही सोडून आळीपाळीने दोन्ही लॅपटॉपकडे बघू लागला. त्याच्या तालमीतले पैलवान चेंडू हातात आला की तो गरम बटाटा असल्यासारखे सोडून देत होते. पळताना एकमेकांनाच आपटत होते. समोर लेक्सवाले सप्टेंबरभर बड्या बड्यांचा मार खाऊन टणक झालेले. ते येत होते आणि शांतपणे पॉइंट घेऊन जात होते, दूधवाला रिकाम्या बाटल्या नेतो तसे.

"हे असेच खेळतात?" राफाएलने फोनवर अबिगेलला विचारलं.

"डॅडी, मी ऑक्टोबरपासून सांगते!"

आठ वाजता तिन्ही मॅचेस संपल्या. लेक्स तीन, गल्फ शून्य. उरलेल्या दोन बघायची गरजच उरली नाही. मिसेस व्हिटकम्बनी जिन्यावरच्या पेलिकनकडे बघून सहानुभूतीने मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं," राफाएल म्हणाला.

दादासाहेबांनी भज्याचा तुकडा चटणीत बुडवला. "अरे, मी पैज लावायच्या आधी दोन्हीकडची वेळापत्रकं समोरासमोर मांडली. टाइमटेबल वाचताना कोण किती धावतं ते बघायचं नसतं. कोण रिकामं धावतं ते बघायचं."

"आणि सप्टेंबरमध्ये मी तुमच्या अंगावर पेलिकन चढवून तुम्हाला रस्त्यावर उभं केलं असतं तर?"

"तर मी उभा राहिलो असतो. पण तू डबल म्हणणार हे मला माहीत होतं. शेजारी राहतोय वीस वर्षं."

प्रणयने खारीचा पोशाख आधीच पाठवून ठेवला होता. करडा, केसाळ, पाठीमागे माणसाच्या उंचीची शेपूट. दादासाहेबांनी वेळ ठरवली मंगळवार, सकाळी आठ वीस. राफाएलला वाटलं होतं म्हातारा पावणेनऊ सांगेल, कारण पावणेनऊला क्लोजमधून पोरं प्रायमरी स्कूलकडे जातात. आठ वीसला रस्त्यावर काळं कुत्रं नसतं. 'शेवटी सज्जन माणूस,' तो मनात म्हणाला.

मंगळवारी दादासाहेबांनी त्याच्या हातात लॅमिनेट केलेला कागद ठेवला. चौदा घरं, क्रम आणि प्रत्येक घराची वेळ मिनिटांत.

पहिलं घर मिसेस व्हिटकम्बचं. एकट्या बाई, बिनमध्ये दोन टी-बॅगा आणि एक पेपर. राफाएलने ती एका बोटाने ओढली. दुसऱ्या घरचे लोक सुट्टीवर, बिन रिकामी. तिसरं नीनाचं, चौथं एका विद्यार्थ्याचं. सगळ्या हलक्याफुलक्या. जॉगिंगला निघालेले दोघे थांबले, टाळ्या वाजवल्या. राफाएलला मजा यायला लागली. त्याने शेपूट उडवली, कमरेत वाकून नमस्कार केला.

"बघा मिल्काबाई! सात घरं, वीस मिनिटं! दम लागलाय का कुठे?"

मिल्का खिडकीतून व्हिडिओ घेत होती, अबिगेलसाठी. "पुढचं घर कुठलं ते बघ आधी."

आठ एक्केचाळीस. आठवं घर, शेजवळ. वही घेऊन फाटकाशी उभे असलेले दादासाहेब. त्यांच्या मागे बागेच्या कचऱ्याची बिन, जिच्यात अख्ख्या शरद ऋतूतली हेज, उपटलेलं लॉन मातीसकट, आणि वर आठवडाभराचा पाऊस. आणि घरापासून रस्त्यापर्यंत चांगला चढ.

राफाएलने ओढली. बिन हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. बिनने एक सुस्कारा टाकला. नेमक्या त्याच वेळी क्लोजच्या टोकाला गलका झाला आणि हातात स्कूटर घेतलेली, पाठीवर दप्तरं घेतलेली पन्नास-साठ पोरं आईबापांसकट वळणावर आली आणि जागच्या जागी थांबली.

"ममी, स्क्विरल!"

"दादासाहेब," राफाएल दात ओठ खात पुटपुटला, "सोपी घरं आधी ठेवलीत तुम्ही."

"रेकॉर्ड चांगला दिसतो त्याने," दादासाहेब म्हणाले. "सात झाली तेव्हा तूच ओरडलास ना? आता जरा तगड्या टीमशी खेळ."

पोरांनी मोजायला सुरुवात केली. वन! टू! थ्री! राफाएलने पाठ बिनला लावली आणि उलटा जोर केला. बिन निघाली, चढावर दोन पावलं गेली, झाकण उघडलं आणि धाडकन बंद झालं. शेपूट आत, राफाएल बाहेर. तो पुढे जायला बघे तर शेपूट मागे खेची आणि मागे जायला बघे तर बिन अंगावर येई. पोरं रस्त्यावर लोळायची बाकी होती. मिसेस व्हिटकम्ब गाऊनवर कोट घालून बाहेर आल्या होत्या, वीस वर्षांत कुणी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

हॉर्न वाजवत कौन्सिलचा ट्रक वळला. हिरवं जॅकेट घातलेला माणूस खाली उतरला. त्याने बिनकडे पाहिलं, बिनमध्ये अडकलेल्या खारीकडे पाहिलं आणि यातलं कोण जबाबदार दिसतं त्याचा अंदाज घेत दादासाहेबांना विचारलं, "हे रिसायकलिंग, का गार्डन वेस्ट?"

दादासाहेबांनी कागद बघितला, मग घड्याळ.

"तुम्ही तीन मिनिटं लवकर आलात," ते म्हणाले. "अजून सहा घरं बाकी आहेत त्याची."