गोदाममित्राचा पंचनामा

"एक फोन, भाऊ! एकच फोन करते आणि विषय संपवते!"

विनिता हे बोलली तेव्हा तिला स्वतःचाच फार अभिमान वाटला. वडपे गावातल्या गोदामात कॉम्प्युटरवर बसणारी ती तिथली पहिली मुलगी. फोन तर काय, डाव्या हाताचा मळ!

विषय असा होता. गोदामाचे मालक नवशाभाऊ भोईर यांनी पाच वर्षांपूर्वी, २००३ साली, 'गोदाममित्र' नावाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. कुठला माल आला, कुठला गेला, सगळं त्यात. दरवर्षी बँकेतून आपोआप पैसे कापले जायचे. गेल्या पावसाळ्यात कंपनीनं गोदाममित्र कायमचं बंद केलं. सॉफ्टवेअर उघडेना. पैसे मात्र यंदाही कापले गेले आणि वर पत्र आलं : नूतनीकरणाबद्दल अभिनंदन!

"बंद पडलेल्या वस्तूचं अभिनंदन?" भाऊ कडाडले. "दसऱ्याच्या आत हे थांबव. न्हाय तं पूजेला हा कॉम्प्युटरचा डबा मना हितं दिसता कामा नये. डबाच न्हाय, तं डब्यावर बसनारी तरी कशाला पायजे?"

नोकरी गेली तर वज्रेश्वरीला मावशीच्या दुकानात नारळ आणि ओटीचं सामान विकायला बसायचं, हे आईनं आधीच ठरवून ठेवलं होतं. मावशी चांगली होती. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायची!

विनितानं फोन लावला. स्पीकरवर चाळीस मिनिटं 'होल्ड'ची सनई ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"मॅडम, रिन्यूअल बंद करने का बटन सॉफ्टवेअर के अंदर है."

"पर सॉफ्टवेअर खुलता ही नहीं!"

"जी, वो तो हमने बंद कर दिया."

"मग पैसे पण बंद करा ना!"

"जरूर मॅडम. बस, अंदर जाके बटन दबाइए."

विनितानं कपाळावर हात मारला. बँकेत गेली, तर बँकवाले म्हणाले, कंपनीचं पत्र आणा. पुन्हा फोन लावला. पुन्हा सनई! ती ऐकून ऐकून बाहेरचे हमाल विचारायला लागले, ताईचं लग्न ठरलं काय?

शेवटी भाऊंनीच फोन हिसकावला. "ओ बाई, वो मर गया है! मरे हुए का पैसा कोन लेता है?"

पलीकडचा आवाज आणखी गोड झाला. "सर, ऐसा है तो लिखित प्रमाण भेज दीजिए. हम देख लेंगे."

"प्रमाण?" भाऊंचा चेहरा खुलला. "एवढंच ना! अगो, सावळारामला बोलाव!"

सावळाराम म्हणजे गावचे पोलीस पाटील. वीज पडून गेलेला बैल, विहिरीत पडलेली म्हैस, जळालेली पेंढ्याची उडवी, सगळ्यांचे पंचनामे त्यांनीच केलेले. त्यांच्या कागदाला तहसीलदारानंही कधी नाव ठेवलं नव्हतं. ते आले, पाठोपाठ पाच पंच आले. सावळारामांनी काठीनं मॉनिटरला हलकेच ढोसलं.

"अंगावर जखमा न्हाईत. धूळ हाय. लिव गो. मयताचं नाव?"

"गोदाममित्र," विनिता टाइप करू लागली.

"वय?"

"चार."

"अरेरे! शेवटला काय बोलला?"

"'संपर्क होऊ शकत नाही' म्हणाला."

"लिव, मयतानं कुणावर संशय घेतला न्हाय. आथा वारस?"

"काका, सॉफ्टवेअरला कुठला वारस?"

"रकाना मोकळा ठेवला तं कागद परत येतो! पंचवीस वर्सं करतंय मी हे. शेवटपर्यंत संगती कोन होता?"

"मीच."

"मंग घाल तुझं नाव!"

प्रिंटरमधून कागद सरसर बाहेर आला तसे सावळाराम दोन पावलं मागे सरकले. "नवशा, मेलेल्यानंच सोताचा पंचनामा लिवला काय रं?"

विनिताला हसू आवरेना. "काका, कॉम्प्युटर धडधाकट आहे! आतली एक वस्तू गेली. गोदामाचा हिशोब मी वर्षभर दुसऱ्यातच ठेवतेय."

भाऊंनी डोळे बारीक केले. "म्हंजे घर शाबूत, भाडेकरूच मेला?"

"तेच तर सांगतेय!"

भाऊंनी मॉनिटरवरची धूळ उपरण्यानं पुसली. विनिताला जरा धीर आला. विनितानं कागदावर ग्राहक म्हणून भाऊंचं नाव लिहिलं, पंचांनी अंगठे उठवले, सावळारामांनी शिक्का हाणला आणि पंचनामा रजिस्टर पोस्टानं निघाला.

दसऱ्याला दोन दिवस उरले असताना कंपनीचं उत्तर आलं. विनिता मोठ्यानं वाचू लागली.

"आमचे जुने ग्राहक कैलासवासी नवशा भोईर यांच्या दुःखद निधनाबद्दल..."

भाऊंच्या तोंडातला चहा थेट पत्रावर!

"मना मारला?"

"थांबा हो भाऊ! पुढं लिहिलंय, त्यांचं खातं बंद केलं, यंदाचे पैसे परत पाठवत आहोत!"

"आसां?" भाऊंनी मिशी पुसली. "मंग मेलो तं मेलो! पोरी, जिंकलीस गो तू!"

विनिताला आनंदानं रडू फुटणार, तेवढ्यात तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली. आवाज खाली आला.

"आपण कळवलेल्या वारस कुमारी विनिता यांच्या नावे गोदाममित्र नव्यानं सुरू केलं आहे. पहिलं वर्ष मोफत. पुढील नूतनीकरण पूर्वीच्याच बँक खात्यातून आपोआप होईल. अभिनंदन!"

विनितानं हळूच आपली पर्स उचलली.

"कुटं चालली?" भाऊ गरजले. "बस खाली! सनई लाव! हे मिटंपर्यंत तुझी नोकरी पक्की!"

"आणि मिटलं की, भाऊ?"

भाऊंनी पत्रावरचा चहा झटकला, ते पुन्हा एकदा उलटंसुलटं पाहिलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"हे मिटनार न्हाय गो बाय. तू रिटायर होशील!"