न पाहिलेल्या नवरदेवासाठी मागणी

"आठ दिवस द्या. या काळ्या चौकोनांचं कुटुंब करून दाखवतो!" उस्ताद नव्वाफनी अम्मानमधल्या संस्थेच्या संचालकबाईंना छातीठोकपणे सांगितलं.

काळे चौकोन म्हणजे त्यांचे विद्यार्थी. जैतुनाच्या झाडांची निगा शिकवणारा हा ऑनलाइन वर्ग. कॅमेरा कुणीच लावायचं नाही, आणि प्रश्न विचारला की सगळे मूग गिळून बसायचे. म्हणून उस्तादांनी गृहपाठ दिला: प्रत्येकाने आपली एक अडचण वर्गापुढे मांडायची, बाकीच्यांनी ती सोडवायची. त्यांची अपेक्षा पानांवरच्या किडीची होती.

उबैदाने लिहिलं, "शुक्रवारी सॉल्ट गावी मुलगी मागायला जायचंय. वडील नाहीत, काका बोलत नाहीत. मुलीच्या वडिलांचा आईकडे निरोप आलाय, भारदस्त माणसं घेऊन या, नाहीतर येऊच नका. माझ्याकडे एक मामा आहे, तोही बहिरा."

"आम्ही येतो," अकाबाहून कुणीतरी लिहिलं. मग कराकहून, मग मआनहून. बोलाचीच कढी, असं समजून उस्तादांनीही लिहून टाकलं, "मुलाच्या वतीने मी बोलेन."

शुक्रवारी ते उशिरा पोचले आणि थक्कच झाले. त्या चढावर गाड्यांची रांग थेट खालच्या मशिदीपर्यंत गेली होती. ज्यांच्या तोंडून वर्गात साधं 'हो' निघत नव्हतं, ती माणसं अर्धा देश ओलांडून, कडक इस्त्रीचे कोट घालून आली होती. उस्तादांचा ऊर भरून आला.

त्याच भरात ते आत जाऊन बसले. समोर कॉफी आली, पण होकार मिळेपर्यंत तिला तोंड लावायचं नसतं. ते उठले आणि शेजारी अवघडून बसलेल्या, नव्या कोटातल्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हाजी रातिब, या हिऱ्यासाठी तुमची लेक मागायला आलोय."

हाजींनी आधी त्या तरुणाकडे, मग उस्तादांकडे पाहिलं.

"तो माझा यझन," हाजी म्हणाले. "तिचा भाऊ."

उस्तादांना धरणी दुभंगली तर बरं असं झालं. मुलाला ओळखणारा एकटा मामा, तो सगळ्यांकडे बघून प्रसन्न हसत होता.

"मुलाचं तोंडही ठाऊक नाही तुम्हाला?"

"तो कॅमेरा लावत नाही, हाजी."

"आणि ही एवढी माणसं?"

"यांनीही एकमेकांना आजच पाहिलंय."

"मग आलात कशाला?"

अकाबाचे अबू खलफ बसल्या जागेवरून म्हणाले, "त्याचे काका त्याच्याशी बोलत नाहीत ना, म्हणून."

हाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "माझा सख्खा भाऊ समोरच्या घरात राहतो. आज त्याची कंबर दुखतेय." त्यांनी डोळे पुसले. "घ्या कॉफी, उस्ताद. मुलगी दिली."

उस्तादांनी कप उचलला. हाजींनी मनगट धरलं. "पण दिली कुणाला, तेवढं तरी सांगा."

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. शेवटी उस्तादांनी सवयीने हाक मारली, "उबैदा, माझा आवाज येतोय का?"

"येतोय, उस्ताद," दाराजवळच्या बुटांच्या ढिगापाशी एक मुलगा डोळे पुसत उठला.

"अरे, तू होय?" शेजारचा कराकवाला म्हणाला. "मघापासून तुलाच विचारतोय, नवरदेव कोणता, तर नुसती मान हलवतोस!"