तिसरीतला शेवटचा बाक

मुलीला पहिलीत घालण्यापूर्वी शाळा आपण स्वतः जाऊन तपासायची, असं मी ठरवलं. आता यात चुकीचं काय आहे, तुम्हीच सांगा. (बायकोला विचारू नका. तिने उत्तर तयार ठेवलंय.)

शाळा सरकारी, प्राथमिक, घरापासून दोन गल्ल्या सोडून. बायकोचं मत पक्कं होतं. ती इस्पितळात नर्स आहे, त्यामुळे तिची मतं इंजेक्शनसारखी असतात. आपण विरोध करायला तोंड उघडेपर्यंत टोचून झालेली असतात. "जवळ आहे, पोरं हसत बाहेर येतात. आणखी काय हवंय?" ती म्हणाली. पण माझ्या ऑफिसात ज्याचं त्याचं पोर पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत. तिथे म्हणे पोहायचा तलाव आहे. आमच्या साहेबांनी तर "सरकारी शाळा? बघा बुवा," एवढंच म्हणून अशा काही गंभीरपणे चहा ढवळला, की मी माझा कप तसाच खाली ठेवला.

मी वजनमापे खात्यात कारकून. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे हे ठरवणाऱ्या खात्यातला माणूस पोरीची शाळा ऐकीव माहितीवर निवडणार? मी सत्तावीस मुद्द्यांचा एक तक्ता केला. उजेड, स्वच्छता, शिस्त, फळ्याची अवस्था, शिक्षकांचा स्वभाव. प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्त्याच्या तीन प्रती काढल्या. (तिसरी कशासाठी ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे तीन काढतात.) ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सकाळी नऊला शाळेत हजर झालो.

मुख्याध्यापिका बाईंनी माझा तक्ता बघितला आणि हसू दाबलं. "खुशाल बघा. पहिलीचा वर्ग आज बागेत झाडं ओळखायला गेलाय. तुम्ही तिसरीत बसा."

तिसरीच्या बाई लहानखुऱ्या, पण आवाज असा की खिडकीबाहेरचा कावळासुद्धा सावरून बसला. त्यांनी मला शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं.

त्या बाकाची रचना जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. (किंवा बसलेलं आहे.) बसायची फळी आणि पुढचं डेस्क एकाच लोखंडी सांगाड्यात जोडलेलं. डेस्कखाली दप्तराचा कप्पा. पायांपुढे एक आडवी दांडी. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दोन वेण्यांची एक मुलगी, जिने मला पाहताच "मी मॉनिटर आहे," असं बजावलं. मी भिंतीकडे सरकलो, पोट आत घेतलं, मांड्या कप्प्याखाली ढकलल्या, गुडघे दांडीपलीकडे नेले आणि श्वास सोडला. तिथेच चुकलं. श्वास सोडल्याबरोबर डेस्कची कड पोटात रुतली, कप्पा मांड्यांवर घट्ट बसला, आणि गुडघे दांडीच्या पलीकडचे कायमचे रहिवासी झाले.

हे मला तास संपल्यावर कळलं.

"झालं का बघून?" बाईंनी विचारलं.

मी उठायला गेलो. बाक माझ्याबरोबर दोन बोटं उठला आणि परत बसला. पस्तीस पोरांनी मागे वळून बघितलं.

"आणखी एक तास बसेन म्हणतो," मी म्हणालो. "फार छान शिकवता तुम्ही."

"इतक्या आस्थेने बघणारे पालक हल्ली कुठे असतात," बाई म्हणाल्या. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर संपलं असतं. पण आस्थेवाईक पालक म्हणून नाव निघाल्यावर 'मी अडकलोय' कसं म्हणायचं?

दुसरा तास गणिताचा. मी तक्ता भरायला घेतला. तिसऱ्या तासाला बाईंच्या आवाजातली आस्था कमी झाली आणि त्या माझ्याकडे वर्गात राहिलेल्या छत्रीकडे बघावं तसं बघू लागल्या. तेवढ्यात मॉनिटरने हात वर केला.

"बाई, हे काका चिठ्ठी लिहितायत."

"आणा इकडे."

काय होतंय हे कळायच्या आत तक्ता बाईंच्या हातात गेला. त्यांनी तो सावकाश वाचला. मग एक ओळ मोठ्याने वाचली. "'शिक्षकांचा स्वभाव. दहापैकी चार. जरा रागीट वाटतात.'" त्यांनी चष्मा काढून पुसला. "अस्सं. मुलांनो, वह्या काढा. शुद्धलेखन. काकांना पण एक कागद द्या."

मला दहापैकी पाच पडले. मॉनिटरने माझा कागद तपासला आणि लाल पेन्सिलीने 'वरीष्ठ' या शब्दाभोवती गोल काढला. "ष्ठ-च्या आधी रि ऱ्हस्व असतो, काका." गेली अठरा वर्षं मी 'वरीष्ठांस सादर' असं लिहीत आलोय आणि एकाही वरिष्ठाने ते दुरुस्त केलेलं नाही. मनातल्या मनात मी शाळेला एक गुण वाढवला.

मधली सुट्टी झाली. वर्ग भरभरून बाहेर सांडला. मॉनिटर मात्र हलली नाही.

"काका, तुम्ही अडकलात ना?"

"छे गं. मी विचार करतोय."

"मग उठून विचार करा."

तिने आपला डबा उघडून त्यातला अर्धा खाऊ माझ्यापुढे ठेवला, तो मी खाल्ला, आणि मग ती दाराशी जाऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, काका बाकात अडकलेत. सकाळपासून."

सुट्टी तिथेच संपली. सगळी पोरं पळत आत आली. मला वाटलं, आता बाई चिडणार. पण त्या माझ्याभोवती एक फेरी मारून खडूने फळ्यावर बाकाची आकृती काढू लागल्या. आकृतीत एक गोल होता. तो मी.

"मुलांनो, काका आत गेले, म्हणजे वाट आहे. मग बाहेर का येत नाहीत?"

पस्तीस हात वर झाले. एक म्हणाला, आत जाताना त्यांनी श्वास घेतला असेल. (शाबास.) दुसरी म्हणाली, तेल लावा. तिसऱ्याने शांतपणे सुचवलं की दोन दिवस जेवायला दिलं नाही तर आपोआप निघतील. एक चष्मेवाली म्हणाली, "राहू दे ना बाई, मागचा बाक तसाही कोणाला नको असतो." बाई प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहीत होत्या, कोणालाच 'गप्प बस' म्हणत नव्हत्या. माझ्या शाळेत माझं एक उत्तर कोणी असं फळ्यावर लिहिलं असतं, तर कदाचित आज मी साहेब असतो. रुतलेल्या पोटाने का होईना, मला त्या पोरांचा जरा हेवा वाटला.

शेवटी मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी नियमाप्रमाणे केलं, म्हणजे घरच्यांना फोन लावला.

बायको इस्पितळातून तशीच पांढऱ्या कपड्यात आली. दारात उभी राहून तिने मला बघितलं.

"दुखतंय का कुठे?" तिने विचारलं.

"नाही."

"पायाची बोटं हलवा." मी हलवली. "मग घाई नाही," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली. "तोवर शाळा बघू का मी?"

शिपाईमामा पाना घेऊन माझ्याखाली शिरले. बोल्ट आठ होते आणि सगळे गंजलेले. ते सुटेपर्यंत बायकोने पाण्याची टाकी पाहिली, स्वच्छतागृहं पाहिली, पुस्तकांचं कपाट पाहिलं, बागेतून परतलेल्या पहिलीच्या पोरांना पानांची नावं विचारली आणि प्रवेशाचा अर्जसुद्धा भरला. मी सुटलो तेव्हा तिने तो फक्त माझ्यापुढे धरला. मी सही केली. हरकत घेण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो. माझ्या पँटीचा मागचा एक तुकडा अजून बाकावर होता.

"मुलीची काही काळजी करू नका," मुख्याध्यापिका बायकोला म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्यांना सांभाळून घेतात." हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

शाळा सुरू झाली त्या सकाळी मुलीला सोडायला मी गेलो. हट्टानेच गेलो. फाटकाशी चौथीत गेलेला माझा अख्खा वर्ग उभा होता. "काका, आज कुठल्या बाकावर?" एकाने विचारलं. मॉनिटरने मला 'वरिष्ठ' लिहून दाखवायला सांगितलं. पोरं गोळा झाली, हसायला लागली. आमची कन्या माझं बोट सोडून चार पावलं पुढे गेली.

पहिलीच्या बाई नवीन होत्या. त्यांनी वाकून तिला विचारलं, "सोडायला कोण आलंय तुला? बाबा का?"

मुलीने एकदा त्या घोळक्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "बाबा ऑफिसला गेलेत. हे शेजारचे काका आहेत."