रस्त्यात न ओळखणारे हुक्केरी सर

हुक्केरी सर रस्त्यात कुणालाही ओळखत नाहीत. मलाही नाही. सकाळी आम्ही एकाच थर्मासमधला चहा घेतो आणि दुपारी इथल्या, कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बाजारात मी समोर आले, की ते शेजारच्या गाडीवरचा एक पेरू उचलतात आणि त्याच्याकडे असे बघत राहतात, जणू पेरूच त्यांना मनातलं काहीतरी सांगतोय.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला राग आला. मी मुद्दाम मोठ्यानं "नमस्कार सर!" म्हटलं. त्यावर त्यांनी हात जोडले आणि जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घेऊन पेरूवाला, रिक्षावाले, बसची वाट बघणाऱ्या बायका अशा सगळ्यांनाच नमस्कार केला. निवडणुकीला उभे असल्यासारखा. मग चालू लागले.

आम्ही दोघंही मानसशास्त्रज्ञ. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत, मधे सामाईक पडवी. मी कंपन्यांसाठी नोकरभरतीच्या चाचण्या घेते. निम्मा आठवडा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्या रहदारीत जातो, उरलेला इथे. सर लोकांचं ऐकून घेतात. मूळचे निपाणीचे, त्यामुळे बोलण्यात मधूनच कन्नड. मी त्यांच्याहून चांगली बारा वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणतात. दोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

त्या गिरकीबद्दल मी त्यांना दुसऱ्या दिवशी धरलंच.

"अक्का, बघा की. आपल्याकडे येणाऱ्याला रस्त्यात आपण होऊन ओळख दाखवायची नाही. खरं की नाही?"

"खरं. पण मी कुठे तुमच्याकडे येते?"

"तेच की! तुम्हाला नमस्कार केला आणि तुमच्या शेजारनं चाललेल्याला नाही केला, की बघणारा म्हणणार, हा नक्की ह्यांच्याकडं जातोय. त्यापेक्षा कुणालाच नको. सरी?"

तर्कात खोट निघेना. मीही त्यांच्यासारखंच "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि चहा ओतला.

त्यांचा दुसरा छंद खुर्च्यांचा. दोन खुर्च्या समोरासमोर दिसल्या की त्यांना चैन पडत नाही. त्या तिरक्या करायच्या. "समोरासमोर बसलं की माणूस वकील होतो. स्वल्प तिरकं बसलं की खरं बोलतो." हॉटेलात, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा. माझ्या खोलीतल्या खुर्च्या मी रोज संध्याकाळी सरळ करून जाते आणि सकाळी त्या तिरक्या असतात. खालचा सीटा शिवणारा त्यांना "कुर्ची डॉक्टर" म्हणतो.

माझ्या मुलीच्या लग्नाला मी त्यांना आग्रहानं बोलावलं. आले, आणि अख्खा वेळ खांबाआड उभे राहिले. पंगतीला बसले ते तोंड पानात घालून, आणि हात धुऊन जे गेले ते गेलेच. मी फोन करून झाडलं.

"अहो, ओळखीची माणसं होती तिथं. ती अवघडली असती."

"कोण होती?"

"कुठं कोण होती?" सर म्हणाले. त्या क्षणी त्यांना खरोखरच काही आठवत नसतं.

एवढ्यासाठी ते राहायलाही शहराबाहेर, आनेकलला गेले. बसनं जायचं म्हणजे शिक्षाच, पण तिथून आपल्याकडे कोण येणार, हा हिशेब. सुरुवातीला फार खूश होते. शेजारी बुद्धिबळ खेळणारा मिळाला होता. मग एका संध्याकाळी त्या शेजाऱ्यानं फाटकाशी उभं राहून आपली सगळी कर्मकथा सांगितली. सरांनी त्याला नीट ऐकून घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. तेव्हापासून तो सरांना बघितलं की गल्ली बदलतो.

"गेला शेजारी," सर म्हणाले आणि पडवीतली एक खुर्ची उगाच फिरवून ठेवली.

मी आमच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची चिटणीस आहे. सरांनी सदस्य व्हावं म्हणून मी वर्षानुवर्षं मागे लागले होते. "काय मिळतं तिथं?" ते विचारायचे. मी खरं ते सांगायची : दर महिन्याला एक लांबलेलं व्याख्यान आणि त्यानंतर खाराभात, केसरीभात, म्हणजे आपला उपमा आणि केशरी शिरा. ते हसून विषय बदलायचे. आणि यंदा एका सकाळी चहाचा कप हातात धरून एकदम म्हणाले, "अक्का, मला सदस्य व्हायचंय."

"का हो एकाएकी?"

"केसरीभातासाठी."

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. नव्या माणसासाठी भरसभेत दोन सदस्यांनी उभं राहून "मी यांना ओळखतो" असं म्हणावं लागतं. एक मी होते. दुसरं कोण, असं विचारल्यावर सर पंख्याकडे बघत राहिले.

"कुणी नाही," म्हणाले.

"अहो, उभं आयुष्य या शहरात, याच कामात गेलं तुमचं!"

"म्हणूनच की."

मी म्हटलं, या तर खरं, सभेत उभं राहील कुणीतरी. रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि अगदी पुढे, रिकाम्या रांगेत, अंग चोरून बसले. आमच्या अध्यक्षा निवृत्त प्राध्यापिका, शिस्तीच्या. त्यांनी नाव पुकारलं. मी उठले. "मी यांना ओळखते. माझी खुर्ची सरळ राहू देत नाहीत, एवढी एकच तक्रार." लोक हसले.

"आणखी कोण ओळखतं?"

हसू एकदम थांबलं. कुणी फोन काढला. कुणी छताकडे बघितलं. आमचे खजिनदार वाकून बुटाची नाडी बांधू लागले. पायात चपला होत्या. मला त्या सगळ्यांचा संताप आला. एक हात वर करायला यांना काय होतं?

मग माझं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. सकाळी मी स्वतः त्या ओळीनं मांडून घेतल्या होत्या. आता त्यातल्या कितीतरी तिरक्या होत्या. स्वल्पच. आमच्या कामात शिकता शिकता स्वतःही कुणाकडे तरी जाऊन बसावं लागतं, मन मोकळं करावं लागतं. ही सगळी मंडळी कुठे जाऊन बसली होती, ते मला तेव्हा कळलं. हात वर करणं म्हणजे तेच सांगणं. मी अध्यक्षांकडे बघितलं. त्यांचीही खुर्ची टेबलाशी काटकोनात नव्हती.

सर उठून उभे राहिले. मागे वळून मात्र बघितलं नाही. "राहू दे अक्का. पुढं कधीतरी बघू." त्यांना त्या नाडी बांधणाऱ्याची सुटका करायची होती. पिशवी उचलून ते निघालेसुद्धा.

"मी ओळखते." मागच्या बाजूला आमच्या सदस्यांतली एक तरुण मुलगी उभी होती.

"कसं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मॅडम, कसं ते विचारायची रीत आहे का?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही."

"मग ओळखते."

टाळ्या वाजल्या. दाराशी पोचलेले सर सदस्य होऊन परत फिरले. खजिनदारांची नाडी बांधून झाली.

मी खाण्याच्या टेबलाशी सरांची वाट बघत होते. ते आलेच नाहीत. ते रांगांमधून फिरत होते आणि एकेकासमोर थांबून, हात जोडून, आपण होऊन नमस्कार करत होते. इथे सगळेच सदस्य. कुणाशी कशी ओळख, हे बघणाऱ्याला कळायची सोयच नव्हती.

त्या मुलीसमोर ते जरा जास्त वेळ थांबले.

"नमस्कार. आपलं नाव?"

"चैत्रा," ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

"वा. मी सदानंद हुक्केरी."

"भेटून बरं वाटलं, सर."

मी हाक मारली, "सर, या लवकर, केसरीभात संपत आला!"

"संपू दे अक्का," ते वळून न बघताच म्हणाले. "अजून मागच्या दोन रांगा राहिल्यात."