दहा पावलं पुढे

शेणवे गावात माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, लांबून येताना पाहिलं की घरातली बाई दोघांच्या चहाचं आधण ठेवते. दिसत असतात नाना एकटेच. पण मागून दहा पावलांवर सासूबाई, म्हणजे माई, येत असणार हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. लग्नाला, बाजाराला, देवळात, दवाखान्यात, नाना पुढे आणि माई मागे. गेल्या चाळीस वर्षांत या दोघांना शेजारी-शेजारी चालताना कुणी पाहिलेलं नाही. नानांना मोटारसायकल फार आवडते. माझं मत असं की तिच्यावर बायको आपोआप मागे बसते म्हणूनच.

बरं, चालणंही साधं नाही. प्रत्येक पाऊल दाणकन आपटायचं, उजव्या हातातली छत्री बारा महिने पुढे ठोकत जायची आणि डावा हात पाठीवर. गावचा पाटील फेरी मारायला निघालाय असा थाट. कुणीही अडचण सांगितली की उत्तर एकच, "मी हाय ना पुढं." आणि खोटं कशाला बोलू, नाना खरोखरच पुढे असतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आटगावला आमच्या घरी त्यांच्याच एका चुलत्यांनी देण्याघेण्याचा विषय काढला. नाना म्हणाले, "काका, तुमी जेवा. बाकीच्याला मी हाय ना पुढं." विषय तिथेच मिटला. त्या दिवसापासून मी त्यांना मानते.

फक्त माईंचं मागे चालणं मला खुपायचं. मी घरात भांडून कॉलेज केलेली मुलगी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला, महेशला, सांगितलं होतं, माझ्या बरोबरीने चालणार असशील तर चाल. त्यामुळे गेल्या डिसेंबरात नाना-माई सिडनीला आमच्याकडे आले, तसा मी मनाशी बेत केला. पहिल्याच फेरफटक्याला दोघांना जोडीने चालवायचं आणि तसा एक फोटो काढायचा.

प्रवासात काय काय झालं ते माईंनी सांगितलं. विमानात शेजारच्या जागा मिळाल्या म्हणून नाना नाराज होते. "पुढची-मागची नाय का भेटत?" असं त्यांनी हवाई सुंदरीला मराठीत विचारलं. पासपोर्टच्या खिडकीवर स्वतःचा शिक्का झाल्यावर ते हललेच नाहीत. "मागं बायको हाय," असं त्या गोऱ्या साहेबाला बजावून उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या आणि कपाट सरकवताय का, असं फार गोड शब्दांत विचारून गेल्या. नाना आमच्या हॉलमध्ये फेऱ्या मारत होते.

महेश ऑफिसला गेला, मी रजा टाकली होती. तिघं बंदरावर गेलो. निळंशार पाणी, लोखंडी पूल, आणि शिडांसारखी ती पांढरी इमारत, जी बघायला सगळं जग येतं. नानांनी ती जवळ जाऊन नीट पाहिली. म्हणाले, "कौलं बरी बसवल्यात. पावसात गळत नसंल." मग छत्री ठोकत निघाले. माई मागे.

"नाना, इथे सगळे जोडीने चालतात," मी म्हटलं. फुटपाथ एवढा रुंद की बैलगाडी वळवता येईल. नानांनी सुनेचा शब्द राखला. चार पावलं माईंच्या बाजूने चालले, पाचव्याला खांदा पुढे गेला, सहाव्याला सगळे नानाच गेले. स्टेशनातल्या सरकत्या जिन्यावर लोक डाव्या बाजूला एकामागे एक उभे होते. नानांनी वळून मला ते दाखवलं. "बघ. शिकलेली माणसं हायत."

फोटोंचं तेच. कठड्याशी दोघांना खेटून उभं केलं की मी बटण दाबेपर्यंत नाना एक पाऊल पुढे आलेले. तीन फोटोंत मिळून माईंचा एक कान आणि थोडा पदर आला.

पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या बोटीत माझा संयम सुटला. "नाना, माई एवढ्या लांब तुमची पाठ बघायला आल्यात का? जन्मभर तेच बघतायत. त्यांनाही समोरचं काही दिसू द्या की."

बोलून गेले खरी. नाना पाण्याकडे बघत राहिले. माईंनी माझ्याकडे पाहिलं. बोटीतून उतरल्यावर मात्र नाना माईंच्या शेजारून चालू लागले. पाय आपटणं बंद, छत्री काखेत. मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा चेहरा. मी जिंकले होते. मी फोन बाहेर काढला.

टेकडीवरून समुद्र दिसतो, तिकडे जाणारी वाट हळूहळू अरुंद झाली. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं गवत. एका वळणावर पिवळा फलक होता. नानांना इंग्रजी येत नाही, पण त्यावरचं सापाचं चित्र कुणालाही वाचता आलं असतं.

नाना थांबले. एक पाऊल पुढे झाले. डावा हात पाठीवर गेला आणि पंजा उघडला. माई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी फलक पाहिलाच नव्हता, फक्त तो हात पाहिला होता. मग नाना पाय आपटत, छत्रीने गवत झोडत पुढे निघाले. दहा पावलांवर त्यांची बोटं हलली, तशा माई चालू लागल्या.

"माई, हे काय?" मी विचारलं.

"लगीन झालं तवा हे मागं चालायचे, गो," माई चालता चालता सांगू लागल्या. "मी पुढं. गाव हसायचा, बायकोच्या मागं फिरतो म्हणून. ह्यांना त्याचं काय नाय. दुसऱ्या वर्षी भाताच्या लावणीवरनं येताना बांधावर मला जनावर डसलं. मी पुढं होते ना. पाठीवर टाकून रस्त्यापातूर पळाले, तिथनं कुणाच्या ट्रकमधनं शहापूरच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस मला शुद्ध नव्हती. डोळं उघडलं तर हे पायाशी बसलेले. म्हणाले, आता मी पुढं. तवापासनं हे असं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगायचं काय त्यात?" माई थोड्या हसल्या. "आन पाठ बघते म्हणालीस ना तू? मी पाठ नाय बघत, गो. मी हात बघते."

मला फार लाज वाटली. गावभर मिरवणारा माणूस म्हणून ज्यांच्यावर मी मनातल्या मनात इतकी वर्षं चिडले, ते चाळीस वर्षं स्वतःचे पाय आधी टाकत होते. भरभर दहा पावलं पुढे जाऊन मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "नाना, चुकलं माझं."

नानांनी मान वळवली नाही. नजर गवतावरच होती.

"काय नाय चुकलं. तू मधी चाल."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि दोघांच्या मधे चालू लागले. समुद्र कुठल्या बाजूला होता ते आता आठवत नाही. पुढच्या वळणावर तो हात उघडला आणि मी थांबले. मागे माईही थांबल्या असणार.