तप्रांदिच आजीचं पायाभूत प्रशिक्षण

बोमेटच्या दूध संकलन केंद्राने रीतसर ठराव केला, की यापुढे दूध फक्त प्रशिक्षित पशुपालकांकडूनच स्वीकारलं जाईल. गायींना ही अट तूर्त लागू नव्हती.

तप्रांदिच पंचावन्न वर्षं धारा काढत आली होती, पण त्याचा लेखी पुरावा नव्हता. तिने पाच दिवसांच्या वर्गात नाव घातलं. वर्गाची वेळ सकाळी सहा ते नऊ, म्हणजे नेमकी धारेची.

"मग माझ्या चेलेलची धार कोण काढणार?" तिने विचारलं.

प्रशिक्षक सिगेई साहेब सौम्यपणे म्हणाले, "आजी, शिकायचं तर थोडा त्याग हवा."

त्याग चेलेलने केला. चौथ्या दिवशी तिची कास दगडासारखी झाली.

"साहेब, गायीची कास सुजलीय हो!"

साहेबांचा चेहरा उजळला. "कासदाह! तो धडा उद्या आहे."

"तिला आजच झालाय."

"अभ्यासक्रमाच्या पुढे पळू नका, आजी."

तप्रांदिच तडक उठली आणि गायच वर्गात घेऊन आली. साहेबांना नाही म्हणता येईना. आजवर प्रात्यक्षिक फळ्यावरच्या चित्रावर भागत होतं. त्यांनी हातमोजे चढवले, गायीच्या थेट मागे बैठक मारली आणि पुढच्याच क्षणी ते फळ्याखाली आडवे होते.

"चित्रातली लाथ मारत नाही," ते कण्हत म्हणाले.

तप्रांदिच उकिडवी बसली. गरम फडक्याने कास शेकत, चेलेलशी हळू बोलत तिने गाठाळलेलं दूध थेंबाथेंबाने काढलं. अर्ध्या तासाने गायीने लांब श्वास सोडला, तेव्हा आजीने कोपराने डोळे पुसले. मग साहेबांना जवळ ओढलं. "बस इथं, पोरा. अंगठा मुडपू नकोस."

"आलं! आजी, आलं!" साहेब लहान मुलासारखे ओरडले. आयुष्यातली पहिली धार होती ती.

निकाल शनिवारी लागला. तप्रांदिच नापास. कारणं तीन: हातमोजे नाहीत, कामाच्या वेळी जनावराशी गप्पा, पाचव्या दिवसाचा धडा चौथ्या दिवशी. सिगेई साहेबांना मात्र प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे जिल्ह्याचे ज्येष्ठ तज्ज्ञ म्हणून नेमलं गेलं.

"नियम आहे, आजी," ते ओशाळून पुटपुटले. "पुढच्या वर्गात तुमचं नाव मीच घालतो."

"आणि तोवर माझं दूध?"

"घरीच मुर्सिक लावा. आंबलेल्या दुधाला प्रमाणपत्र लागत नाही."

साहेबांच्या गळ्यात हार पडला. तप्रांदिच हात बांधून बसली. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, धार काढता येणाऱ्यांनी तर जास्तच जोरात. तुम्हीही वाजवल्याच असत्या. जेवण टाळ्यांनंतर होतं.